करपावती म्हणजे हमीपत्र नव्हे

उल्हासनगरच्या कापडबाजारात, अंबरनाथच्या कारखानदारांत आणि बदलापूरच्या नव्या पेढ्यांवर वहीपूजनाच्या सुमारास घरातील तरुण हल्ली एक प्रश्न विचारतात: सरकार क्रिप्टोवर कर घेते, म्हणजे हा व्यवहार सुरक्षित झाला ना? प्रश्न रास्त आहे. उत्तर मात्र नकारार्थी आहे. भारत आणि जपान या दोन देशांचे नियम शेजारी ठेवले असता त्याचे कारण ध्यानी येते.

जपानने आरंभ ग्राहकाच्या नुकसानीपासून केला. २०१४ मध्ये टोकियोतील ‘माउंट गॉक्स’ हे विनिमय केंद्र बुडाले. एप्रिल २०१७ पासून तेथे अशा केंद्रांना नोंदणी सक्तीची झाली व ग्राहकांची मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळी ठेवणे भाग पडले. जानेवारी २०१८ मध्ये ‘कॉइनचेक’मधून सुमारे ५८ अब्ज येन किमतीचे चलन चोरीस गेले. तेव्हा नियम आणखी कडक झाले. मे २०२० पासून ग्राहकांचे किमान ९५ टक्के चलन इंटरनेटपासून अलग ठेवावे लागते. उरलेल्याच्या तोडीचे चलन कंपनीने स्वतःचे राखावे लागते.

भारताची वाट निराळी. रिझर्व्ह बँकेने २०१८ मध्ये बँकांना या व्यवहारांपासून दूर राहण्यास सांगितले. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते परिपत्रक रद्द केले. २०२२ पासून नफ्यावर ३० टक्के कर व विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस लागू झाला. मार्च २०२३ मध्ये या कंपन्या पीएमएलए कायद्याच्या कक्षेत आल्या. ग्राहकाची ठेव कशी जपावी, हे सांगणारा स्वतंत्र कायदा मात्र झाला नाही. १८ जुलै २०२४ रोजी ‘वझीरएक्स’मधून सुमारे २३ कोटी डॉलरची मालमत्ता चोरीस गेली, तेव्हा भारतीय ग्राहकांना परतफेडीच्या योजनेसाठी सिंगापूरच्या न्यायालयाकडे डोळे लावून बसावे लागले.

हिशेबातही भेद आहे. एका चलनात एक लाखाचा नफा व दुसऱ्यात ऐंशी हजारांचा तोटा झाला, तर हाती उरतात वीस हजार. जपानमध्ये त्याच वर्षातील असा तोटा नफ्यातून वजा होतो. भारतात तो होत नाही. पूर्ण लाखावर उपकरासह ३१,२०० रुपये कर पडतो. जपानचा कर हलका आहे असे मात्र नव्हे. तेथील सर्वोच्च दर ५५ टक्क्यांपर्यंत गेलेला आहे.

म्हणून रक्कम गुंतवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात: कंपनी फायनान्शियल इंटेलिजन्स युनिटकडे नोंदलेली आहे काय, चलन कोणाच्या ताब्यात राहते, आणि करार कोणत्या देशातील कंपनीशी होतो. व्यवहार विवरणपत्रात दाखवावेत. दुकानाचे खेळते भांडवल व मुलीच्या लग्नाची पुंजी यांना तेथे हात लावू नये; ती बुडाल्यास भरलेल्या कराची पावती दाखवून परत मिळत नाही.