वेदना, श्वास आणि नवे औषध

पोटावरील शस्त्रक्रियेनंतरची पहिली रात्र ज्यांनी काढली आहे, त्यांस आम्ही वेदनेचे वर्णन ऐकविण्याचे कारण नाही. खोकला दाबून धरावा लागतो, कूस बदलवत नाही, दीर्घ श्वास घ्यावा तर टाके ओढतात. श्वास उथळ राहिला की फुप्फुसांत कफ साचतो. म्हणून वेदना शमविणे ही चैन नव्हे, उपचाराचाच भाग होय. परंतु जे मॉर्फिन वेदना शमविते, तेच मात्रा वाढताच श्वास मंदावते. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच!

या पेचातून सुटका व्हावी म्हणून ऑलिसेरिडीन हे औषध पुढे आले. पेशींवरील ज्या जागी मॉर्फिन चिकटते, तेथेच हेही चिकटते. मात्र वेदनाशमनाचा संदेश जागवावा आणि श्वासास बाधक मानलेला दुसरा संदेश शक्यतो निजू द्यावा, अशी त्याची योजना. कल्पना मोठी मोहक, आणि म्हणूनच कसोटीस लावण्याजोगी.

अमेरिकेतील 'अपोलो-2' या चाचणीत पोटावरील सैल त्वचा व चरबी काढलेले 401 रुग्ण होते. काहींस नवे औषध तीन निरनिराळ्या मात्रांत, काहींस मॉर्फिन, तर काहींस औषधाचा अंशही नसलेला द्रव मिळाला. कोणास काय मिळाले, हे ना रुग्णास ठाऊक, ना वैद्यास. कळ येताच रुग्णाने बटण दाबावे, की शिरेतून ठराविक मात्रा जाई. मग 6 मिनिटे यंत्र दाद देत नसे. बिनऔषधी गटाचे काय, असे वाचक विचारतील. त्यांस दुसरे वेदनाशामक मिळण्याची सोय होती.

चोवीस तासांअंती, मॉर्फिन मिळालेल्या शंभरांपैकी सुमारे 78 जणांस पुरेसा उतार पडला; नव्या औषधाच्या 0.35 मिलिग्रॅम मात्रेने 76 जणांस, आणि नुसत्या द्रवाने 46 जणांस. वेदनेपुरते औषध खरे ठरले. श्वासाच्या बाबतीत मात्र, मात्रा वाढली तसा त्रासही वाढला, आणि उपयुक्त मात्रांत मॉर्फिनहून तो निश्चित कमी, असे गणिताने सिद्ध झाले नाही.

2018 साली अमेरिकेच्या सल्लागार मंडळाने 8 विरुद्ध 7 मतांनी प्रतिकूल कौल दिला. 2020 च्या ऑगस्टमध्ये मान्यता मिळाली ती रुग्णालयातील वापरापुरती, दिवसाला 27 मिलिग्रॅमच्या मर्यादेत. आणि श्वास मंदावण्याचा व व्यसन जडण्याचा जो इशारा मॉर्फिनवर असतो, तोच याच्याही माथी आला.