सौजन्य : आंतरजाल

विद्यार्थ्यांच्या प्रकल्पवह्या तपासताना शेवटच्या पानावर एक ओळ हमखास आढळते : 'छायाचित्रे – गुगलवरून साभार'. आभार नेमके कोणाचे, हे लिहिणाऱ्यालाही ठाऊक नसते. गुगल छायाचित्र काढीत नाही. ते कोठे आहे एवढेच दाखवते. कविता ग्रंथालयात मिळाली म्हणून कोणी कवीच्या जागी ग्रंथपालाचे नाव घातले, तर आम्ही गुण कापू. येथे मात्र कापत नाही.

विद्यार्थ्यांना दोष देण्याआधी आमची कबुली. काही वर्षांपूर्वी आमच्याच विभागाच्या वार्षिकांकात दीक्षाभूमीच्या स्तूपाचे छायाचित्र 'सौजन्य : आंतरजाल' असे लिहून छापले गेले. ते काढणारा तरुण नागपूरचाच निघाला. त्याने ते विकिमीडिया कॉमन्सवर सर्वांसाठी खुले ठेवले होते. अट होती ती नावाचीच. पैसे त्याने मागितले नाहीत. "नाव तरी घालायचं होतं, सर," एवढेच म्हणाला.

अभंगाची गोष्ट निराळी. तुकोबांची नाममुद्रा रचनेतच विणलेली आहे. दीनानाथ दलालांची सही चित्राच्या कोपऱ्यात असे. छायाचित्रावर अशी मुद्रा क्वचितच असते. उतरवून घेतले की नाव मागे राहते. ते सोबत आणणे हे उतरवणाऱ्याचे काम, पोथीच्या लेखनिकासारखे.

दलालांची चित्रे महाजालावर विपुल फिरतात, म्हणून ती मुक्त आहेत असा अनेकांचा समज. दलाल १९७१ मध्ये गेले. आपल्या कायद्यानुसार चित्रकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो, म्हणजे २०३१ अखेरपर्यंत. राजा रविवर्मा १९०६ मध्ये निवर्तले. त्यांची चित्रे मात्र केव्हाच मुक्त झाली.

हे शिकवायला एक तास पुरतो. कॉमन्सवर प्रत्येक चित्राखाली कर्ता, स्रोत आणि परवाना नोंदलेला असतो. 'सीसी बाय' म्हणजे नाव द्या; पुढे 'एसए' असेल, तर त्यावरून केलेली नवी कृतीही त्याच परवान्याने खुली करा. मग चित्राचे शीर्षक, छायाचित्रकाराचे नाव, स्रोत, परवाना, अशी एक ओळ लिहिली की झाले.

काही सहकारी १९५७ च्या कायद्यातील कलम ५२ पुढे करतात. अध्यापनासाठी त्यात मुभा आहे, हे खरे. पण वर्गातली मुभा छापील अंकाला आपोआप लागू होत नाही. शिवाय परवानगी वेगळी आणि श्रेय वेगळे : हक्क दुसऱ्याला विकल्यावरही कृती आपली आहे असे सांगण्याचा कर्त्याचा अधिकार कलम ५७ शाबूत ठेवते. हा विषय संगणक विभागाचा, असेही ऐकवले जाते. प्रत कोणाची, कोठून आली, मूळ पाठ कोणता, हे प्रश्न मराठी विभाग संगणक येण्यापूर्वीपासून विचारीत आला आहे. असो.

यंदा प्रकल्पाच्या २० गुणांपैकी २ गुण आम्ही श्रेयनिर्देशाला ठेवले. एका विद्यार्थिनीला फुटाळा तलावाचे मनाजोगते मुक्त छायाचित्र सापडेना. तिने पहाटे जाऊन स्वतःच काढले आणि कॉमन्सवर चढवले. कर्त्याच्या रकान्यात तिचे नाव आहे.