विश्लेषण : सकाळी डांबर, दुपारी मुरूम... नंदुरबारच्या रस्त्यांसाठी ‘ड्युअल-स्पोर्ट’ मोटारसायकल कोणती घ्यावी?

३५० सीसीपर्यंतच्या मोटारसायकलींवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याहून मोठ्या इंजिनांवर मात तो थेट ४० टक्के झाला. या एका रेषेमुळे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट अशा दोन्हींवर चालणाऱ्या ‘ड्युअल-स्पोर्ट’ गाड्यांच्या किमतींचे गणित बदलले. नंदुरबार जिल्ह्यात असा दुहेरी प्रवास अनेक शिक्षक, आरोग्य कर्मचारी, बँक प्रतिनिधी यांच्या नोकरीचाच भाग आहे. त्यांच्यासाठी ही गाडी हौस आहे की गरज? आणि घ्यायचीच तर कोणती?

‘ड्युअल-स्पोर्ट’ म्हणजे नेमके काय?

नंबरप्लेट, इंडिकेटर, हेडलाइट यांसह रस्त्यावर कायदेशीर चालणारी आणि कच्च्या वाटेसाठीही बनवलेली गाडी म्हणजे ड्युअल-स्पोर्ट. तिच्या खुणा सहज ओळखता येतात : पुढे २१ इंची मोठे चाक, तारांचे म्हणजे स्पोकचे रिम, लांब शॉकअप, जमिनीपासून जास्त उंची आणि टायरपासून बऱ्याच वर बसवलेले पुढचे मडगार्ड. ‘अ‍ॅडव्हेंचर टूरर’ दिसायला तशीच असते. पण तिचा भर लांबचा प्रवास, मोठी टाकी आणि सामान यांवर असतो. शोरूममध्ये दोन्ही शेजारी उभ्या असतात आणि जाहिरातीत दोन्ही डोंगर चढताना दिसतात. गोंधळ तिथूनच सुरू होतो.

नंदुरबारचे रस्ते वेगळे कसे?

या जिल्ह्यात ‘कच्चा रस्ता’ एकाच प्रकारचा नाही. तापीच्या खोऱ्यात, शहादा आणि नंदुरबारच्या शिवारात काळी माती आहे. पावसाळ्यात ती टायर आणि मडगार्डच्या मध्ये भरते आणि चाक जाम होते. साध्या गाडीवरून उतरून काडीने माती काढण्याचा अनुभव इथल्या अनेकांना आहे. उंच मडगार्डचा खरा उपयोग इथे कळतो.

सातपुड्यात चित्र वेगळे. अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाताना देवगोई घाट, तळोद्याहून धडगावकडे जाताना चांदसैली घाट, तोरणमाळच्या वाटेवर सातपायरी घाट. तोरणमाळ सुमारे ११५० मीटर उंचीवर आहे. म्हणजे तापीच्या सपाटीवरून निघालेली गाडी साधारण हजार मीटर चढते. मुख्य रस्ता सोडून पाड्याकडे वळले की मुरूम, सुटे दगड, फरशी पुलावरून वाहणारे पाणी आणि तीव्र उतार. तिथे चिखलापेक्षा घसरण जास्त धोक्याची.

तिसरा भाग नवापूरकडचा. कोंडाईबारी घाटातून जाणाऱ्या सुरत-धुळे महामार्गावर अवजड वाहनांची रांग असते. इथे गाडीला वेग आणि भरवशाचे ब्रेक लागतात. तुमचा रोजचा रस्ता या तिन्हींपैकी कोणता, यावर निवड ठरते.

बाजारात पर्याय कोणते?

आकडे कंपन्यांनी जाहीर केलेले आहेत. वजन इंधनासह धरले आहे.

• हिरो एक्सपल्स २१० : २१० सीसी, २४.६ पीएस, सुमारे १६८ किलो, सीटची उंची ८३० मिमी, जमिनीपासून उंची २२० मिमी, टाकी १३ लिटर. जानेवारी २०२५ मध्ये पावणेदोन लाखांच्या आसपास बाजारात आली.

• कावासाकी केएलएक्स २३० : २३३ सीसी, सुमारे १८ पीएस, १३९ किलो, सीट ८८० मिमी, जमिनीपासून २६५ मिमी, टाकी ७.६ लिटर. डिसेंबर २०२४ मध्ये ३ लाख ३० हजारांना आली. पुढे देशातच उत्पादन सुरू झाल्यावर किंमत बरीच खाली आली.

• रॉयल एन्फिल्ड हिमालयन ४५० : ४५२ सीसी, ४० पीएस, १९६ किलो, सीट ८२५ मिमी, जमिनीपासून २३० मिमी, टाकी १७ लिटर. नोव्हेंबर २०२३ मध्ये आली. स्वभावाने ती ड्युअल-स्पोर्टपेक्षा टूररच्या जवळची.

• केटीएम ३९० एन्ड्युरो आर : ३९९ सीसी, ४६ पीएस, १७७ किलो, सीट ८६० मिमी, जमिनीपासून २५३ मिमी, टाकी ९ लिटर. एप्रिल २०२५ मध्ये ३ लाख ३७ हजारांना आली.

तुलनेसाठी, जिल्ह्यात सर्वत्र दिसणारी स्प्लेंडर प्लस ९७ सीसीची, ११२ किलोची. सीट ७८५ मिमी, जमिनीपासून उंची १६५ मिमी. वजनात ती या चौघींपेक्षा हलकी आहे, हे लक्षात ठेवण्यासारखे.

सीसी महत्त्वाचे की वजन?

खरेदीच्या गप्पांमध्ये पहिला प्रश्न ‘किती सीसी?’ असतो. सातपुड्यात पहिला प्रश्न ‘किती किलो?’ असायला हवा. कच्च्या वाटेवर गाडी कधी ना कधी आडवी होतेच. उतारावर, ओल्या मुरमावर पडलेली १९६ किलोची गाडी एकट्याने उभी करणे बहुतेकांना जमत नाही. १३९ किलोची जमू शकते. मोबाइलला रेंज नाही, पुढचा पाडा दोन-तीन किलोमीटरवर आहे, अशा ठिकाणी हा फरक संध्याकाळी घरी पोहोचण्याचा की रात्र वाटेत काढण्याचा, असा असतो.

मोठ्या इंजिनाचा फायदा नाही असे नाही. हिमालयनचे इंजिन ५५०० आरपीएमला ४० न्यूटन-मीटर टॉर्क देते. एक्सपल्सचा कमाल टॉर्क २०.७ न्यूटन-मीटर, तोही ७२५० आरपीएमला. सोप्या भाषेत, डबल सीट चढण चढताना लहान इंजिनाला पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये जास्त फिरवावे लागते आणि क्लचवर ताण येतो. मोठे इंजिन तीच चढण सावकाश काढते. म्हणून महामार्गावर रोज शंभर किलोमीटर आणि महिन्यातून एखाद्या वेळी तोरणमाळ, असा वापर असेल तर जास्त वजन चालेल. रोज पाड्यांवर जाणे असेल तर नाही.

टाकीचाही विचार हवा. लिटरला ३० किलोमीटर धरले तर ७.६ लिटरची टाकी सुमारे २२५ किलोमीटरला संपते, १३ लिटरची ३९० किलोमीटर जाते. डोंगरात फिरताना मायलेज कमी होते आणि मुख्य गावे सोडली तर पंप सापडत नाही.

जीएसटीचा हिशेब काय?

कर वगळता दीड लाखाची २१० सीसीची गाडी २८ टक्के करासह १ लाख ९२ हजारांना पडत होती. १८ टक्क्यांनी ती १ लाख ७७ हजारांना पडते. म्हणजे १५ हजारांची बचत. उलट ३५० सीसीवरच्या गाड्यांवर पूर्वी २८ टक्के जीएसटी आणि ३ टक्के उपकर असा ३१ टक्के बोजा होता. कर वगळता दोन लाखांची गाडी २ लाख ६२ हजारांना पडायची. ४० टक्क्यांनी ती २ लाख ८० हजार होते. म्हणजे १८ हजारांची वाढ.

हे उदाहरणादाखलचे आकडे आहेत. कर वाढला तरी कंपनी किंमत किती वाढवेल, हा तिचा निर्णय असतो. त्यामुळे शोरूममध्ये ‘ऑन रोड’ किंमत लेखी मागावी. रोड टॅक्स आणि विमाही गाडीच्या किमतीवर ठरतात, म्हणून फरक तिथेही वाढतो. एकूण पाहता, सरकारने आखलेली ३५० सीसीची रेषा आणि सातपुड्याच्या वाटांची गरज सध्या एकाच बाजूला आहेत : हलकी गाडी स्वस्तही झाली आहे.

शोरूममध्ये काय तपासाल?

सीटची उंची : ८८० मिमीच्या सीटवर पाच-साडेपाच फुटांच्या चालकाचे जेमतेम चवडे टेकतात. घाटात थांबताना, पाठीमागे माणूस बसलेला असताना पाय नीट टेकला नाही तर गाडी तिथेच कलंडते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणकार माणूस घोडा चालवून, पळवून पाहिल्याशिवाय सौदा करत नाही. इथेही तेच करावे. रोज जे बूट वा चप्पल घालता तेच घालून, डबल सीट बसून, शक्य असेल तर चढावर गाडी चालवून पाहावी.

टायर : मोठ्या गोट्यांचे टायर चिखलात पकड देतात, पण ओल्या डांबरावर ब्रेक लावताना कमी भरवशाचे असतात आणि महामार्गावर लवकर झिजतात. वापर मिश्र असेल तर मध्यम गोट्यांचे टायर बरे. स्पोकच्या चाकात बहुधा ट्यूब असते. पंक्चर झाल्यास चाक खोलावे लागते. जास्तीची ट्यूब, टायर खोलण्याच्या पट्ट्या आणि हवा भरायचा छोटा पंप गाडीवर ठेवावा.

एबीएस : १२५ सीसीवरील सर्व दुचाकींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचे आहे. डांबरावर ते जीव वाचवते. सुट्या मुरमाच्या उतारावर मात्र चाक घसरतेय असे समजून ते ब्रेक सोडत राहते आणि गाडी लांबवर जाते. म्हणून मागच्या चाकाचे एबीएस बंद करण्याची सोय आहे का, हे विचारावे. पुढचे सुरूच ठेवावे. डांबरावर आल्यावर मागचेही न विसरता पुन्हा सुरू करावे.

सर्व्हिस : अधिकृत सर्व्हिस सेंटर किती अंतरावर आहे, चेन-स्प्रॉकेट, क्लच केबल, ब्रेक पॅड किती दिवसांत मिळतात, हे खरेदीआधी विचारावे. गाडी पंधरा दिवस भागाची वाट पाहत उभी राहिली तर तिचे सगळे गुण कागदावरच राहतात.

कायदा काय म्हणतो?

काही गाड्या केवळ ट्रॅकवर चालवण्यासाठी विकल्या जातात. केएलएक्स घराण्यातच अशी मॉडेल आहेत. त्यांची आरटीओत नोंदणी होत नाही, त्यामुळे एमएच ३९ ची पाटी त्यांना मिळणार नाही आणि त्या रस्त्यावर आणता येत नाहीत. नावात एखादे अक्षर जास्त असते, बिलावर ते नीट वाचावे. दुसरे, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीवेळच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाहीत. आवाज वाढवणारा सायलेन्सर हा त्यातला नेहमीचा गुन्हा. तिसरे, सातपुड्यातील मोठे क्षेत्र वनविभागाचे आहे. राखीव वनात परवानगीशिवाय गाडी घालणे भारतीय वन अधिनियमाखाली गुन्हा ठरतो. गावाची वहिवाटीची वाट वेगळी आणि रीलसाठी जंगलात पाडलेली चाकोरी वेगळी.

मग कोणी कोणती घ्यावी?

रोजच्या प्रवासात कच्चा भाग किलोमीटर-दोन किलोमीटरच असेल तर नवे कर्ज काढू नये. १००-१२५ सीसीची गाडी, चांगले टायर आणि सावकाश वेग पुरेसा आहे. धडगाव, मोलगी भागात बाराही महिने पाड्यांवर जाणाऱ्यांसाठी दोनशे सीसीच्या आसपासची ड्युअल-स्पोर्ट योग्य. उंची कमी असेल किंवा डबल सीट प्रवास जास्त असेल तर एक्सपल्स, उंची असेल आणि बहुतेक एकट्याने जाणे असेल तर केएलएक्स. नाशिक, सुरतपर्यंत नेहमी जाणे आणि अधूनमधून डोंगर, असे असेल तर हिमालयन. एन्ड्युरो आर ही कच्च्या वाटेवर वेगाने गाडी हाकण्याचा सराव असलेल्यांची गाडी. रोजच्या नोकरीसाठी ती महाग आणि उंच पडते.

बजेट कमी असेल तर जुनी एक्सपल्स २०० किंवा जुनी हिमालयन ४११ पाहता येईल. घेताना रिम वाकलेले आहे का, तारा सैल आहेत का, पुढच्या शॉकअपमधून तेल गळते का आणि हँडल वळवताना अडकते का, एवढे तरी पाहावे. कोणतीही गाडी घेतली तरी दोन चांगल्या हेल्मेटचे पैसे बजेटमध्ये आधीच धरावेत.

गाडीने रस्त्याचा प्रश्न सुटतो का?

नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये दरड कोसळून चांदसैली घाट बंद झाला, तेव्हा आजारी पत्नीला खांद्यावर घेऊन पायी निघालेल्या पतीची बातमी राज्यभर गेली. ती वाचू शकली नाही. बांबूला झोळी बांधून रुग्णाला उचलून नेण्याला इथे ‘बांबूलन्स’ असे नाव पडले आहे. नंदुरबार हा केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत आहे आणि पाड्यापर्यंतचा पक्का रस्ता ही इथली जुनी मागणी आहे. चांगली मोटारसायकल शिक्षकाला शाळेत आणि आरोग्य सेविकेला पाड्यावर वेळेत पोहोचवू शकते. आडव्या झोपलेल्या रुग्णाला ती खाली आणू शकत नाही. त्यासाठी रस्ताच लागतो. तोवर गाडी निवडताना जाहिरातीतल्या डोंगराकडे पाहू नये, आपल्या रोजच्या वाटेकडे पाहावे.