केनोशाचा खटला : निकाल ज्युरीचा, चर्चा न्यायाधीशांची

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील केनोशा येथे नोव्हेंबर २०२१ मध्ये चाललेल्या काइल रिटनहाउस खटल्याचा निकाल बारा ज्युरींनी दिला. परंतु निकाल लागण्यापूर्वीच चर्चेचा केंद्रबिंदू बदलला होता. आरोपीइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, चर्चा न्यायासनावर बसलेले ब्रूस श्रोडर आणि सहायक सरकारी वकील थॉमस बिंगर यांच्या वर्तनाची होऊ लागली होती. न्यायाधीश आरोपीला पाठीशी घालत आहेत, अशी एका बाजूची ओरड होती. तर सरकारी वकील कायद्याची चौकट मोडत आहेत, असा दुसऱ्या बाजूचा आक्षेप. साहजिकच १९ नोव्हेंबर रोजी रिटनहाउस सर्व आरोपांतून निर्दोष सुटला तेव्हा एका वर्गाला तो न्यायाचा विजय वाटला आणि दुसऱ्याला आधीच ठरून गेलेला निकाल. यापैकी कोणत्याच बाजूने पुरेसा विचार न केलेला प्रश्न असा, की या दोघांच्या वर्तनातील कोणता भाग कायद्याला धरून होता, कोणता अनावश्यक होता आणि कोणता खरोखरच गंभीर होता?

या खटल्याला पार्श्वभूमी होती ती ऑगस्ट २०२० मधील अशांततेची. २३ ऑगस्ट रोजी केनोशात जेकब ब्लेक या कृष्णवर्णीय व्यक्तीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि शहरात निदर्शने व जाळपोळ सुरू झाली. २५ ऑगस्टच्या रात्री शेजारच्या इलिनॉय राज्यात राहणारा, त्या वेळी १७ वर्षांचा असलेला रिटनहाउस अर्धस्वयंचलित रायफल घेऊन रस्त्यावर उभा होता. मालमत्तेचे रक्षण करण्यासाठी आणि जखमींवर प्रथमोपचार करण्यासाठी आपण आलो होतो, असे त्याचे म्हणणे. त्या रात्री त्याच्या गोळ्यांनी जोसेफ रोझेनबॉम आणि अँथनी ह्युबर यांचा मृत्यू झाला, तर गेज ग्रॉसक्रॉइट्झ जखमी झाला. आरोपी आणि गोळ्या लागलेले तिघेही श्वेतवर्णीय होते. तरीही पोलिसांचा हिंसाचार, वर्णभेद आणि शस्त्र बाळगण्याचा हक्क हे अमेरिकेला दुभंगणारे सारे वाद या एका खटल्यात येऊन मिळाले.

कायद्याचे पारडे

न्यायाधीशांच्या वर्तनाकडे वळण्यापूर्वी विस्कॉन्सिनचा कायदा काय सांगतो, हे लक्षात घ्यावे लागेल. आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा उपस्थित केला आणि त्याला पुराव्याचा काही आधार असला, की त्याने स्वसंरक्षणार्थ कृती केली नाही, हे वाजवी संशयापलीकडे सिद्ध करण्याची जबाबदारी सरकार पक्षावर येते. आरोपीला काहीही सिद्ध करावे लागत नाही. भारतातील स्थिती याच्या उलट आहे. येथे खासगी बचावाचा हक्क सांगणाऱ्या आरोपीवरच तो दाखवून देण्याचा भार असतो; अर्थात तो वाजवी संशयापलीकडे नव्हे, तर शक्याशक्यतेच्या निकषावर. हा फरक ध्यानात न घेता केनोशाच्या निकालाकडे पाहिल्यास तो अनाकलनीय वाटणे स्वाभाविक आहे.

त्यातच सरकार पक्षाच्या साक्षीदारांनीच त्याची बाजू कमकुवत केली. रोझेनबॉमने रिटनहाउसच्या रायफलीकडे झेप घेतली, असे घटनास्थळी असलेल्या एका प्रत्यक्षदर्शीने सांगितले. स्वतःजवळ पिस्तूल असलेल्या ग्रॉसक्रॉइट्झने तर उलटतपासणीत मान्य केले, की आपण पिस्तूल रोखून पुढे सरकल्यानंतरच रिटनहाउसने आपल्यावर गोळी झाडली. तो दिवस होता ८ नोव्हेंबर. खटल्याचे पारडे फिरले ते बहुधा याच दिवशी. न्यायाधीशांच्या एखाद्या शेऱ्यामुळे नव्हे.

आदेश आणि आविर्भाव

१९८३ पासून न्यायासनावर असलेल्या श्रोडर यांच्यावरील पहिला मोठा आक्षेप खटला सुरू होण्यापूर्वीचा. गोळ्या लागलेल्या तिघांचा उल्लेख सरकारी वकिलांनी ‘बळी’ असा करू नये, असा त्यांचा आदेश होता. मात्र पुरावा तसा आला तर बचाव पक्षाने अंतिम युक्तिवादात त्यांना ‘दंगलखोर’ वा ‘लुटारू’ म्हणण्यास त्यांनी हरकत घेतली नाही. यावर गदारोळ झाला. तथापि आदेशाच्या पहिल्या भागात तर्क आहे. स्वसंरक्षणाच्या खटल्यात हल्लेखोर कोण आणि बळी कोण, हाच तर ज्युरीपुढील प्रश्न असतो. त्याचे उत्तर प्रश्नातच दडवू नये, ही भूमिका श्रोडर यांनी या खटल्यासाठी नव्याने घेतली नव्हती. ती त्यांची जुनीच पद्धत होती. अडचण दुसऱ्या भागात आहे. मृतांनी जाळपोळ केली की नाही, हा ज्युरीने ठरवायचा मुद्दा नव्हता. एका बाजूच्या शब्दाला बंदी आणि दुसऱ्या बाजूच्या शब्दाला सशर्त परवानगी, यातून समतोल दिसला नाही.

अल्पवयात शस्त्र बाळगल्याचा आरोप त्यांनी ऐन अंतिम युक्तिवादाच्या दिवशी, १५ नोव्हेंबरला रद्द केला. हा आरोप सरकार पक्षासाठी सर्वांत सोपा मानला जात होता. परंतु विस्कॉन्सिनच्या कायद्यातील किचकट तरतुदीनुसार १७ वर्षांच्या मुलाने रायफल बाळगल्यास, तिची नळी ठरावीक लांबीपेक्षा आखूड असेल तरच हे कलम लागू होत होते. नळी आखूड नाही, हे खुद्द सरकार पक्षाने मान्य केले. येथे दोष द्यायचा तर तो कायदा लिहिणाऱ्यांना द्यावा लागेल. शिवाय आरोपीनेच चिथावणी दिली का, याचा विचार करण्याची सूचना ज्युरीला देण्यास श्रोडर यांनी मान्यता दिली होती. ती सरकार पक्षाला अनुकूल होती, ही बाब टीकाकारांनी सोयीस्करपणे दुर्लक्षिली.

मग न्यायाधीशांचे चुकले कोठे? चुकले ते आदेशात कमी आणि आविर्भावात अधिक. ११ नोव्हेंबर या अमेरिकेतील माजी सैनिक दिनी त्यांनी न्यायालयात कोणी माजी सैनिक आहे का, अशी विचारणा केली आणि टाळ्या वाजवण्यास सांगितले. त्या वेळी समोर असलेला माजी सैनिक होता तो साक्ष देण्यासाठी आलेला बचाव पक्षाचा तज्ज्ञ. टाळ्या वाजवणाऱ्यांत ज्युरीही होते. सुनावणी सुरू असताना त्यांचा मोबाइल वाजला आणि त्यावरील धून डोनाल्ड ट्रम्प यांच्या सभांमध्ये वाजणाऱ्या गीताची निघाली. दुपारच्या जेवणासाठी मागवलेल्या आशियाई पदार्थांवरून केलेला विनोदही वादग्रस्त ठरला. अठरांपैकी अंतिम बारा ज्युरी निश्चित करण्यासाठी त्यांनी सोडतीच्या पिंपातून चिठ्ठ्या काढण्यास खुद्द आरोपीला सांगितले. यापैकी एकाही गोष्टीने निकाल बदलला, असे म्हणता येणार नाही. पण न्याय होताना दिसलाही पाहिजे, या तत्त्वाचा अर्थ हाच, की न्यायाधीशाने आपल्याविषयी शंका घेण्यास जागा ठेवू नये. थेट प्रक्षेपणामुळे ही जागा लाखो घरांत दिसली.

सरकारी वकिलांची मर्यादा

बिंगर यांचे प्रकरण वेगळे. त्यांच्या वर्तनातील दोष दिखाऊ नव्हते, ते कायद्याच्या गाभ्याला भिडणारे होते. १० नोव्हेंबर रोजी रिटनहाउस स्वतः साक्षीस उभा राहिला. उलटतपासणीत बिंगर यांनी असे सुचवले, की घटनेनंतर तो गप्प राहिला आणि इतरांच्या साक्षी ऐकून झाल्यावरच आता आपली कहाणी सांगत आहे. अमेरिकी राज्यघटनेच्या पाचव्या दुरुस्तीने मौन बाळगण्याचा हक्क दिला आहे. अटकेनंतर हक्कांची जाणीव करून दिल्यावर आरोपीने बाळगलेले मौन त्याच्याविरुद्ध वापरता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९७६ च्या डॉयल विरुद्ध ओहायो खटल्यात स्पष्ट केले आहे. अनुभवी सरकारी वकिलाला हे ठाऊक नसणे अशक्य.

पाठोपाठ बिंगर यांनी एका चित्रफितीचा विषय काढण्याचा प्रयत्न केला. घटनेच्या सुमारे दोन आठवडे आधीच्या या चित्रफितीत, दुकानातून चोरी करणाऱ्या वाटणाऱ्या लोकांवर गोळ्या झाडाव्यात अशा अर्थाचे उद्गार रिटनहाउसचे असल्याचा सरकार पक्षाचा दावा होता. तो पुरावा श्रोडर यांनी आधीच बाजूला ठेवला होता. न्यायालयाने दार किंचित उघडे ठेवले होते, असा बचाव बिंगर यांनी केला. ज्युरीला बाहेर पाठवून न्यायाधीशांनी त्यांना अत्यंत कडक शब्दांत फटकारले. ते दार सरकारी वकिलांसाठी नव्हे, तर न्यायालयासाठी खुले होते आणि बिंगर यांच्या सद्हेतूवर आपला विश्वास नाही, असेही त्यांनी सुनावले. न्यायाधीशांचा हा संताप वाहिन्यांवर पुनःपुन्हा दाखवला गेला आणि पक्षपाताचा पुरावा म्हणून मांडला गेला. वस्तुतः मौनाच्या हक्काच्या मुद्द्यावर न्यायाधीश बरोबर होते. ज्युरीला बाहेर पाठवूनच त्यांनी कानउघाडणी केली, हेही विसरता कामा नये.

अंतिम युक्तिवादात बिंगर यांनी तीच रायफल हाती घेऊन न्यायालयात नेम धरून दाखवला. निष्काळजी शस्त्र हाताळणी हाच ज्या खटल्याचा एक विषय, त्यात हे दृश्य सरकार पक्षाला शोभणारे नव्हते. ड्रोनने टिपलेल्या चित्रणाची कमी दर्जाची प्रत बचाव पक्षाला मिळाल्याचे उघड झाले आणि संशयात भर पडली. सरकारी वकील हा फक्त एका पक्षाचा वकील नसतो. खटला जिंकणे हे त्याचे काम नसून न्याय होईल हे पाहणे हे त्याचे काम आहे, हा दंडक अमेरिकी सर्वोच्च न्यायालयाने १९३५ मध्येच बर्जर खटल्यात घालून दिला होता.

टांगती तलवार

या संपूर्ण खटल्यातील सर्वांत गंभीर बाब मात्र फारशी चर्चिली गेली नाही. बिंगर यांच्या उलटतपासणीनंतर बचाव पक्षाने खटला रद्दबातल ठरवावा आणि पुन्हा चालवण्यासही मनाई करावी, अशी मागणी केली. श्रोडर यांनी त्यावर निर्णय राखून ठेवला. ज्युरीचा खल सुरू असताना ड्रोनच्या चित्रणावरून आणखी एक अर्ज आला. त्यावरही निर्णय झाला नाही. म्हणजे चार दिवसांत मिळून पंचवीस तासांहून अधिक काळ ज्युरी ज्या निष्कर्षासाठी झटत होते, तो आरोपीच्या विरोधात गेला असता तर न्यायाधीश तो नंतर पुसून टाकू शकले असते. तो आरोपीच्या बाजूने गेला, तर मात्र त्याला कोणी हात लावू शकत नव्हते.

कारण अमेरिकेत ज्युरीने दिलेली निर्दोष सुटका अंतिम असते. आरोपीला शिक्षा झाली तर न्यायाधीशांच्या प्रत्येक चुकीची वरिष्ठ न्यायालयात छाननी होते; तो सुटला तर सरकार पक्षावर अन्याय करणारी चूक कायमची झाकली जाते. मुंबईच्या वाचकांना येथे नानावटी खटल्याची आठवण होईल. १९५९ मध्ये ज्युरीने आठ विरुद्ध एक मतांनी कमांडर नानावटी यांना निर्दोष ठरवले. तेव्हा सत्र न्यायाधीशांनी तो निकाल अमान्य करून प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवले. उच्च न्यायालयाने ज्युरीला दिलेल्या सूचनांतील चुकांवर बोट ठेवले, नानावटींना दोषी ठरवले आणि सर्वोच्च न्यायालयाने १९६१ मध्ये त्यावर शिक्कामोर्तब केले. म्हणजे न्यायासनावरील व्यक्तीच्या कामाचीही तेथे तपासणी झाली. केनोशात अशी तपासणी करणारे कोणीच नव्हते. व्यवस्था आरोपीच्या स्वातंत्र्याच्या बाजूने जाणीवपूर्वक झुकलेली आहे आणि तिच्यामागील विचारही उदात्त आहे. पण ज्याच्या निर्णयांची छाननी होणार नाही, त्याने संयम अधिक पाळायला हवा, हीच त्या झुकत्या मापाची दुसरी बाजू आहे.

ह्युबरच्या वडिलांनी दाखल केलेला दिवाणी दावा चालू राहू शकतो, असा आदेश संघराज्य न्यायालयाने फेब्रुवारी २०२३ मध्ये दिला. तेथे पुराव्याचा निकष शिथिल असतो आणि ज्युरीने न दिलेली उत्तरे मागता येतात. खटला सुरू असताना माध्यमांवर संतापलेल्या श्रोडर यांनी यापुढे थेट प्रक्षेपणास परवानगी देण्यापूर्वी खूप विचार करू, असे म्हटले होते. त्यांचा रोष चुकीच्या ठिकाणी होता. कॅमेऱ्याने त्यांची न्यायबुद्धी झाकली नाही. बळीच्या व्याख्येमागील तर्क, मौनाच्या हक्काचे रक्षण आणि सरकारी वकिलांची आगळीक हे सारे त्यानेच दाखवले. त्याचबरोबर टाळ्या, विनोद आणि सोडतीचे पिंपही दाखवले. यापैकी पहिल्या गोष्टी न्यायाधीशांना कराव्याच लागणार होत्या. दुसऱ्या टाळणे मात्र सर्वस्वी त्यांच्याच हाती होते.