केमोनंतरचा ताप अंगावर काढू नका

गर्भाशयाच्या किंवा अंडाशयाच्या कॅन्सरचे ऑपरेशन पार पडले, टाके निघाले, की घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पुढे केमोथेरपीचे नाव निघते आणि पुन्हा धास्ती सुरू होते. भेटायला येणारे दोनच गोष्टी विचारतात. केस गेले का, आणि उलट्या होतात का? माझे स्पष्ट मत आहे की आपण नको त्या गोष्टीला भितो आणि भ्यायला हवे तिथे निर्धास्त राहतो.

केस बहुतेक वेळा उपचार संपल्यावर काही महिन्यांत परत येतात. उलट्यांचे म्हणाल, तर सिसप्लॅटिन घेतलेला रुग्ण दिवसभर ओकाऱ्या काढत पडे, तो काळ मागे पडला. ऑन्डान्सेट्रॉन या औषधाला 1991 साली अमेरिकेत मान्यता मिळाली, आणि आज ती गोळी आपल्याकडे सहज मिळते. उलटी होण्याची वाट न पाहता ती लिहून दिलेल्या वेळेला घ्यायची. या गोळीने शौचाला घट्ट होते आणि पोटाचे ऑपरेशन झालेल्या बाईला ते फार जड जाते. लाजू नका, त्यावर औषध आहे. मात्र पोट फुगले, वारा सरेना आणि उलट्याही सुरू झाल्या, तर एरंडेल देत बसू नका, रुग्णालय गाठा.

आता तापाकडे येऊ. अंडाशयाच्या कॅन्सरला साधारणपणे कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही औषधे दर तीन आठवड्यांनी, बहुधा सहा वेळा देतात. ही औषधे रोगाच्या पेशींबरोबर रक्तातील पांढऱ्या पेशीही कमी करतात. डोस घेतल्यावर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान त्या सर्वांत कमी होतात. तेव्हा बाई घरी असते, उलट्या थांबलेल्या असतात, ती चुलीपाशी बसू लागलेली असते आणि पाहुण्यांची ये-जा चालू असते. जंतूंशी लढणारे सैन्यच नसल्यामुळे अशा वेळी ना पू धरतो, ना छातीत कफ दिसतो. दिसतो तो फक्त ताप. थर्मामीटरवर 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त आकडा आला, की ती तातडीची वेळ समजावी. रुग्णालयात पोहोचल्यावर तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवे, असा नियम आहे. उशीर झाला तर जंतू रक्तात पसरून जीव जाऊ शकतो.

मार्गासनीहून निघून नसरापूर, मग महामार्ग, मग कात्रज ओलांडून पुण्यात शिरायचे, यातच किती वेळ जातो ते आपण सारे जाणतो. म्हणून 'सकाळी बघू' हे वाक्य इथे चालत नाही. 2014 पासून 108 क्रमांकाची रुग्णवाहिका आहे, रात्री-अपरात्री तिला फोन करावा. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तापाची गोळी देऊ नये. आकडा उतरतो, जंतू तसाच राहतो. आणि कमरेत इंजेक्शन तर नकोच. केमोने रक्त गोठवणाऱ्या पेशीही कमी झालेल्या असू शकतात, सुईच्या जागी रक्त साकळते किंवा गळू होते. अशा बाईला मी इंजेक्शन दिले नाही म्हणून रागावून गेलेले नातेवाईक आहेत. त्यांनी खुशाल रागवावे.

यात एक घोळ होतो. पाळी चालू असलेल्या बाईची दोन्ही अंडाशये काढली, तर पाळी एकदम बंद होते. अंगातून वाफा निघतात, चेहरा तापतो, घाम फुटतो. पुष्कळ बायका याला ताप समजतात, आणि नंतर खराच ताप आला की 'नेहमीचीच गरमी' म्हणून सोडून देतात. कपाळाला हात लावून दोन्हींतला फरक कळत नाही. तो थर्मामीटर सांगतो. केमो चालू असलेल्या घरात तो असलाच पाहिजे.

दुसरी दुर्लक्षित गोष्ट म्हणजे हातापायांचा बधिरपणा. पॅक्लिटॅक्सेलमुळे बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, तळवे जड होतात, आणि डोस वाढत जातील तसा त्रास वाढतो. गुंजवणी खोऱ्यातील बाईच्या बाबतीत ही क्षुल्लक तक्रार नव्हे. भातलावणीला ती अनवाणी खाचरात उतरते. काटा रुतला, कापले, तरी तिला कळत नाही, आणि त्याच दिवसांत पांढऱ्या पेशी कमी असतात. तव्यावरची भाकरी उलटताना बोट भाजते, ते फोड आल्यावर दिसते. चोळीचे हुक लागत नाहीत. एवढे सगळे होऊनही ती पुण्याच्या डॉक्टरांना सांगत नाही. विचारले तर म्हणते, "डॉक्टर, एवढं चालायचंच." बोलले तर उपचार थांबतील, नवऱ्याचा खाडा वाढेल, ही धास्ती असते. वास्तविक तिने वेळेवर सांगितले, तर डॉक्टर डोस कमी करू शकतात किंवा औषध बदलू शकतात. बधिरपणा हमखास टाळणारे औषध आजही नाही, बी कॉम्प्लेक्सच्या गोळ्यांवर पैसे घालून तो जात नाही. म्हणून पुढच्या डोसाआधी तोंड उघडणे हाच मोठा उपाय. उपचार चालू असेतो आणि पाय सुधारेपर्यंत लावणीतून तिला सूट द्यावी, घरातही चपला घालाव्यात, रोज रात्री कोणीतरी तिचे तळवे पाहावेत. नवऱ्याने पाहिले तर काही बिघडत नाही.

जिल्हा रुग्णालयांत डे-केअर कॅन्सर केंद्रे तीन वर्षांत काढण्याची घोषणा 2025-26 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली. चांगलेच आहे, हेलपाटे वाचतील. पण सलाईन संपल्यावर बाई ज्या गावात परतते, तिथले काय? प्रत्येक डोसानंतर रुग्णालयाने मराठीत एक कागद द्यावा, अशी माझी मागणी आहे. त्यावर दिलेल्या औषधाचे नाव, डोसाची तारीख, तापाचा आकडा आणि रात्री उचलला जाणारा फोन नंबर असावा. तोवर घरच्यांनीच हे चार तपशील विचारून वहीत लिहून घ्यावेत, आणि त्यांची एक प्रत गावातल्या डॉक्टरकडे व आशाताईंकडे ठेवावी.