डबल शॉकअपवाल्या भाच्यास

तर झालं असं, की परवा रात्री ताईचा फोन आला. "अरे, तुझ्या भाच्याच्या डोक्यात सायकल शिरलीये. पुढे शॉकअप, मागे शॉकअप. पावणेदोन लाख म्हणतोय! तू बोल जरा त्याच्याशी, तुझं ऐकतो तो."

मी बोललो. पाऊण तास बोललो. शेवटी चिरंजीव म्हणाले, "मामा, तू असं कर, ब्लॉगवर लिही. मी वाचतो." म्हणजे, मामा आता फोन ठेव :-)

ठीक आहे. लिहितो. नेहमीच्या वाचकांनी आमचं घरगुती भांडण आहे असं समजून सोडून दिलं तरी चालेल, पण तुमच्यातल्याही दोघातिघांच्या मनात हाच विचार घोळतोय हे मला पक्कं माहीत आहे..

भाच्याचा मुद्दा एका वाक्याचा आहे. "पुण्यातले खड्डे बघ, आपल्याला फुल सस्पेन्शनच पाहिजे." हाच मुद्दा दुकानदार सांगतो, ऑफिसातले मित्र सांगतात, आणि ऐकायला इतका बरोबर वाटतो की उलटा प्रश्न कुणी विचारतच नाही. मी विचारतो. खड्ड्यात तू किती वेगाने जातोस? ताशी १८, फार तर २०. खड्डा दिसतो, तू ब्रेक दाबतोस, बुड सीटवरून उचलतोस, कोपर आणि गुडघे सैल सोडतोस, झालं. देवाने दिलेले चार शॉकअप तुझ्याकडे आहेत आणि त्यांना सर्व्हिसिंग लागत नाही.

मागचा शॉकअप खड्ड्यांसाठी जन्मलाच नाही. माउंटन बाइकचं मूळच बघ ना. १९७६ साली कॅलिफोर्नियात मरिन काउंटीतल्या काही पोरांनी जुन्या, जाड टायरच्या सायकली डोंगरावर चढवून एका मातीच्या उतारावरून खाली सोडायच्या शर्यती सुरू केल्या. साडेतीन किलोमीटरच्या आत चारशे मीटर खाली! ब्रेक लावून लावून मागच्या हबमधलं ग्रीस जळून जायचं, दर वेळी नवीन भरावं लागायचं, म्हणून त्या शर्यतीचं नावच 'रीपॅक' पडलं. वर जाताना ही मंडळी बऱ्याचदा सायकली ट्रकमध्ये टाकून न्यायची. शॉकअप पुढे आले, मागचे त्याहून नंतर, पण काम तेच.. दगडधोंड्यांच्या उतारावर वेगात जाताना चाक जमिनीला चिकटून राहावं. तसा उतार रोजच्या वाटेवर असेल तर जरूर घे, मी स्वतः तुझ्या आईशी भांडेन. पण तू वेताळ टेकडीवर सायकल घेऊन आजवर गेलास दोनदा. आणि तेवढ्याला पुढचा एक शॉकअप पुरतो.

आता तुझा खरा बेत काय आहे? दिवाळीत पुण्याहून वाईला, आपल्या गावी, सायकलने जायचंय. म्हणजे कात्रज, खंबाटकी, आणि शेवटी कालव्याच्या कडेचा मुरमाचा रस्ता. नव्वदेक किलोमीटर. त्यात मागच्या शॉकअपला खरं काम लागेल असं मला तरी कुठे दिसत नाही. उलट चढावर तू जोर लावलास की तो दबणार, तुझ्या जोरातला थोडा तो खाणार आणि तू डुलत डुलत जाणार. त्यासाठी लॉकचा खटका असतो म्हणे. म्हणजे वाटेतला बराच वेळ बंद ठेवायची वस्तू विकत घ्यायची! सामानाला कॅरिअर बसवायला जागा नाही, मडगार्ड धड बसत नाही. माझ्या फोर्कच्या पुस्तिकेत लिहिलंय, दर ५० तासांनी खालचे पाय उघडून तेल बदला. मी एकदाच बदललं.

हो, माझ्या फोर्कच्या. आता तो विषय काढतोच. ताईला अर्धाच माहीत आहे.

२०१८ च्या आधी मी आणि भाऊजी, म्हणजे तुझे बाबा, दर रविवारी पानशेतला जायचो. जाऊन येऊन ८० च्या आसपास. खडकवासल्याला चहा, परतताना डोणज्याला भजी. बोलणं फारसं नाही, भाऊजी तसेही कमीच बोलतात, पण ते पुढे आणि मी मागे असा तो हिशेब छान बसला होता. मग मला लहर आली. एका दुकानात गेलो, त्याने खड्ड्यांचं हेच पुराण लावलं, आणि मी ९५ हजारांना साडेपंधरा किलोचं धूड घरी आणलं. तिसरा मजला, लिफ्ट नाही.

पहिल्या रविवारी भाऊजी अर्धा तास थांबले माझ्यासाठी. दुसऱ्या रविवारीही. एक शब्द बोलले नाहीत, आणि त्याचीच लाज वाटायला लागली. मग सुरू झाल्या माझ्या सबबी.. पाठ, पाऊस, पाहुणे. माणूस दम लागतो म्हणून नाही थांबत रे, दुसऱ्याला ताटकळत ठेवल्याच्या संकोचाने थांबतो. तीनेक वर्षं अशीच गेली. २०२१ मध्ये भाऊजींच्या मानेचं ऑपरेशन झालं आणि त्यांची सायकल कायमची सुटली. ते रविवार आता परत मिळणार नाहीत. सायकल अजून गॅलरीत टांगलेली आहे, तिच्यावर टॉवेल वाळतात.

यात सायकलचा दोष नाही हे मला कळतं. चूक माझीच होती. पण तीच चूक तू पावणेदोन लाखांना करणार असशील तर मी गप्प बसणार नाही.

मग काय घ्यायचं? ग्रॅव्हेल बाइक. लगेच नाक मुरडू नकोस. "ते अमेरिकन फॅड आहे" म्हणालास ना फोनवर? आहे थोडंसं. कॅन्ससमध्ये २००६ पासून दोनशे मैलांची खडीच्या रस्त्यांवरची शर्यत होते, २०२२ पासून तर जागतिक अजिंक्यपद आहे, आणि आता ग्रॅव्हेलचे मोजेसुद्धा निघालेत. मोजे घेऊ नकोस. पण ग्रॅव्हेल म्हणजे आपला मुरूमच की रे! अण्णा, तुझे आजोबा, अठ्ठावीस-दीडच्या टायरच्या काळ्या सायकलवरून कच्च्या रस्त्याने शाळेत शिकवायला जायचे. दीड इंच म्हणजे ३८ मिलिमीटर. आजच्या ग्रॅव्हेल बाइकला बहुतेक ३८ ते ४५ चेच टायर असतात. मोठं चाक, बऱ्यापैकी रुंद टायर, त्यात बेताची हवा.. खडखडाट तो टायरच गिळतो. फरक एवढाच की अण्णांची सायकल वीस किलोच्या वर होती आणि पावसात तिचे ब्रेक लागायचे नाहीत. नवीन दहा-अकरा किलोची, डिस्क ब्रेकची. (अण्णांच्या सायकलवर मागे धान्याचं पोतं आणि पुढे दांड्यावर मी, हे नवीनवर जमणार नाही, कबूल.)

ते मेंढ्याच्या शिंगासारखं हँडल पहिले पंधरा दिवस खांदे दुखवतं, हेही आत्ताच सांगून ठेवतो. मोठ्या दगडांवर हात बधिर होतात. तिथे उतरायचं आणि चालायचं, त्यात कसली लाज? आणि सगळे मिळून लाखभरात भागेल, उरलेल्यात हेल्मेट आणि दिवा घे, चांगल्यातला.

आणि ताई, तू म्हणशील, पैसे वाचवायला गल्लीतल्या दुकानातली पंधरा हजारांची डबल शॉकअप घेऊ दे त्याला. नको! तिच्यात नुसती स्प्रिंग असते, ती दबते तशीच उसळते, उसळी आवरायला आत काही नसतं. घोड्यावर बसल्यासारखं वाटतं, घोडा मात्र पुढे जात नाही.

असो. पोरा, तुला पटलं नसेल हे मला माहीत आहे, वीस वर्षांपूर्वी मलाही पटलं नसतं. म्हणून असं करू. या शनिवारी माझी गॅलरीतली काढून ने. पानशेतला जाऊन ये, लॉकचा खटका न लावता. वाटेत भाऊजींना फोन कर आणि विचार, डोणज्यापुढच्या चढावर ते माझी वाट बघत कुठे थांबायचे. तिथे तूही थांबून बघ किती दम लागलाय ते. मी टॉवेल काढलेत, टायरमध्ये हवा भरून ठेवतो. किल्ली शेजारच्या काकूंकडे आहे.