न्हाणीघरातील दोन मिनिटे

बाळाला तेल लावून न्हाऊ घालणाऱ्या आजीच्या हातांविषयी मला वैद्यक म्हणून नेहमीच आदर वाटत आला आहे. खासगी बाजारातील आपल्या घरांतून ‘डॉक्टर, एका बाजूची गोळी हाताला लागत नाही’ असे निःसंकोच सांगणाऱ्या आजी येतात आणि बहुधा त्यांचेच खरे ठरते.

पूर्ण दिवसांच्या शंभर मुलग्यांपैकी सुमारे तिघांचे वृषण जन्मतः अंडकोशात उतरलेले नसते. बहुतेकांचे पहिल्या सहा महिन्यांत उतरते. न उतरल्यास दीड वर्षाच्या आत शस्त्रक्रियेने ते खाली आणावे लागते. ‘मोठा झाला की उतरेल’ हा सल्ला घातक आहे. तो केवळ शेजारीच देतात असेही नाही! अशा मुलांना पुढे वृषणाच्या कर्करोगाचा धोका अधिक असतो. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या स्वीडिश अभ्यासात तो तेराव्या वर्षापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्यांत सर्वसामान्यांच्या सुमारे दुप्पट, तर नंतर झालेल्यांत पाचपटींहून अधिक आढळला. म्हणजे शस्त्रक्रिया झाली तरी लक्ष ठेवणे सुटत नाही.

आणि नेमके तेच आपण सोडतो. मुलगा पंधरा वर्षांचा होतो, आई संकोचते, वडील विषय टाळतात, आम्ही डॉक्टरही चड्डी न उतरवताच तपासणी उरकतो. पंधरा ते पस्तीस हे या रोगाचे वय, आणि गाठ बहुधा दुखत नाही.

हा रोग भारतात विरळ आहे. अमेरिकेतील तज्ज्ञगटाने २०११ मध्ये सरसकट स्वपरीक्षणाविरुद्ध मत दिले. उगाच भीती पसरू नये हे मलाही मान्य आहे. परंतु ज्याचे वृषण उतरले नव्हते, त्याला तरी हे शिकवलेच पाहिजे. महिन्यातून एकदा, गरम पाण्याच्या स्नानानंतर, प्रत्येक वृषण अंगठा व बोटांमध्ये हळुवार फिरवून पाहावे. मागची मऊ दोरीसारखी नळी स्वाभाविक. एक वृषण किंचित खाली असणेही स्वाभाविक. कठीण गाठ किंवा जडपणा जाणवल्यास त्याच आठवड्यात सोनोग्राफी करावी. सहव्यावसायिकांना विनंती, अंडकोशातून सुई घालू नये आणि सूज समजून प्रतिजैविकांवर महिने दवडू नयेत.

१९७४ मध्ये डॉ. आइनहॉर्न यांनी सिस्प्लॅटिनचा वापर सुरू केल्यापासून पसरलेला रोगही बहुतांशी बरा होतो. क्रिकेटपटू युवराजसिंग यांच्या छातीतील गाठ याच जातीची होती. २०१२ साली त्यांनी उपचार घेतले ते याच डॉक्टरांकडे. वेळेवर आल्यास एक वृषण काढूनच पुष्कळदा भागते, आणि दुसरे निरोगी असल्यास संसाराला सहसा बाधा येत नाही.

पंधरावे लागले की मी फाइल मुलाच्याच हाती देतो. आईवडिलांना पाच मिनिटे बाहेर बसवतो.